परसातलं सहा बाय आठचं ग्रीनहाउस: किट घेण्यापासून उभं करेपर्यंत

शेवंती | ९ मार्च २०२४

नमस्कार मंडळी. आम्ही इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीत राहतो. घरामागे लांबट परस आहे. ऊन भरपूर येतं, पण पश्चिमेचं वारंही थेट आत घुसतं. गेली चार वर्षं मी स्वयंपाकघराच्या खिडकीत कढीपत्त्याची एक कुंडी जगवते आहे. दर जानेवारीत ती सगळी पानं टाकते, नुसत्या काड्या उरतात, आणि मे उजाडला की पुन्हा कोंब. भेंडी तर बाहेर वीतभर वाढते आणि थांबते. यंदा ठरवलंय की सहा बाय आठ फुटांचं ग्रीनहाउस घ्यायचं. सुट्या भागांचं किट आणून घरीच जोडायचं.

महिनाभर जाहिराती बघून डोकं भणभणलंय, म्हणून इथे विचारते. काच घ्यावी की पॉलिकार्बोनेट (कडक, पारदर्शक प्लॅस्टिकचे पत्रे)? थेट गवतावर ठेवता येतं का, की चौथरा हवाच? कौन्सिलची परवानगी लागते का? नवरा-बायको दोघांनी उभं होतं, की कुणी माणूस बोलवावा लागतो? आणि मुख्य म्हणजे कढीपत्ता त्यात हिवाळा काढेल का?

ज्यांनी स्वतःच्या हाताने उभं केलंय त्यांनी जरा सविस्तर लिहा, प्लीज.

लेस्टरचा माळी | ९ मार्च २०२४

परवानगीचं आधी सांगतो. इंग्लंडमध्ये साध्या घराला सहसा लागत नाही. कुंपणापासून २ मीटरच्या आत उभं करणार असाल तर उंची अडीच मीटरच्या वर जाऊ देऊ नका. शेड वगैरे सगळं धरून घराभोवतालची निम्म्याहून जास्त मोकळी जागा व्यापायची नाही, आणि घराच्या पुढच्या बाजूला उभारायचं नाही. घर वारसा यादीतलं असेल तर मात्र आधी विचारा.

काच की पॉलिकार्बोनेट, याचं उत्तर घरात मुलं आहेत का यावर आहे. स्वस्त किटमध्ये येते ती साधी बागकामाची काच. ती फुटली की सुरीसारखे लांब तुकडे होतात. टफन्ड काचेचा दाणे-दाणे चुरा होतो, पण ती महाग. माझ्याकडे काचच आहे, कारण उजेड स्वच्छ येतो आणि वजनामुळे घर जागेवर राहतं. पॉलिकार्बोनेट हलकं. न फुटण्याचा फायदाही त्यातच आणि वाऱ्याची भीतीही त्यातच.

शक्य असेल तर आढं (छपराचा मधला, सगळ्यात उंच दांडा) पूर्व-पश्चिम ठेवा. हिवाळ्यात आणि वसंतात सूर्य खाली असतो, तेव्हा लांब बाजूवर ऊन मिळतं.

समुद्राकाठून | १० मार्च २०२४

शेवंती, वाऱ्याचा मुद्दा अजिबात हलका घेऊ नकोस. मी साउदॅम्प्टनजवळ राहते. १८ फेब्रुवारी २०२२ ला युनिस वादळ आलं, त्या दिवशी आमच्या समोरच्याच आइल ऑफ वाइटवर, नीडल्सला, ताशी १२२ मैलांचा झोत नोंदला गेला. आमचं ४ मिलिमीटर पॉलिकार्बोनेटचं ग्रीनहाउस साध्या विटांवर ठेवलेलं होतं. मी खिडकीतून बघत होते. आधी वाऱ्याच्या बाजूचा एकच पत्रा आत वाकला आणि खाचेतून निसटला. पुढे मिनिटभरसुद्धा लागलं नाही. वारं आत शिरलं, छप्पर फुगलं आणि समोरच्या बाजूचे तीन पत्रे एकदम बाहेर. सांगाडा कुंपणाला जाऊन टेकला. त्यातला एक पत्रा आम्हाला दोन गल्ल्या पलीकडे सापडला. कुणाला लागलं नाही, म्हणून आजही देवाचे आभार मानते.

किटसोबत आलेल्या धातूच्या बेसमध्ये जमिनीत खुपसायचे चार खिळे होते. त्यांच्या भरवशावर राहिलो, हीच आमची चूक.

आबा मावळ | १० मार्च २०२४

ताई, मी तुमच्या तिकडचा नाही. मावळात माझं २० गुंठ्यांचं पॉलीहाऊस आहे, गुलाब आहे त्यात. पण समुद्राकाठच्या ताईंनी जे लिहिलं ते वाचून ३ जून २०२० चं निसर्ग वादळ डोळ्यांपुढे उभं राहिलं. आमच्या भागातली कितीतरी पॉलीहाऊसं त्या एका दुपारी गेली. माझा दीड बाजूचा कागद (म्हणजे पॉलीहाऊसवरचं प्लॅस्टिक) गेला, सांगाडा वाचला. शेजारच्याचा सांगाडाच पिळवटला.

फरक काय होता ते सांगतो. माझे फाउंडेशन पाइप काँक्रीटमध्ये खोल होते, आणि वारं वाढायला लागल्याबरोबर मी पोरांना घेऊन बाजूचे पडदे खाली सोडून आवळून बांधले. त्याच्या एका बाजूचा पडदा फाटका होता. हवा आत गेली की ती वर जायला बघते, छत उचलते. दोनशे मायक्रॉनचा कागद असो की तुमचा पत्रा, हवेला तोंड मिळालं की संपलं. बाहेरून दाबणाऱ्या वाऱ्याने घर पडत नाही, आत शिरलेल्या वाऱ्याने पडतं.

तेव्हा पहिला खर्च पायावर करा, दुसरा पत्रे धरून ठेवण्यावर. बाकी सगळं नंतर.

शेवंती | ११ मार्च २०२४

आबा, मनापासून आभार. तुमचं शेवटचं वाक्य मी कागदावर लिहून फ्रिजवर लावलंय.

घरात सात वर्षांची मुलगी आहे, त्यामुळे पॉलिकार्बोनेट. काल ऑर्डर दिली. अॅल्युमिनियमचा सांगाडा, ४ मिलिमीटरचे दुपदरी पत्रे, छपराला एक झडप, सरकतं दार. ५२० पौंड. ६ मिलिमीटर घ्यायचं मनात होतं, पण दोनशे पौंडांचा फरक होता. ते पैसे चौथऱ्याला लावते.

आता चौथऱ्याबद्दल सांगा. जागा आखायला सोपी युक्ती कळली: सहा आणि आठ फूट बाजू असतील तर कर्ण बरोबर दहा फूट. म्हणजे दोरी लावून कर्ण दहा आला की काटकोन झाला. बरोबर ना?

ओळंबा | ११ मार्च २०२४

गणित बरोबर, पण थांबा. चाळीस वर्षं बांधकामावर काढली आहेत म्हणून सांगतो. "सहा बाय आठ" हे जाहिरातीतलं माप आहे. प्रत्यक्ष सांगाडा त्याहून दोन-चार इंच कमी-जास्त असतो. पुस्तिकेतलं पायाचं नेमकं माप मिलिमीटरमध्ये बघा आणि तेच जमिनीवर घ्या.

कोपरा आखताना ३-४-५ वापरा: एका दोरीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट, त्या दोन खुणांमधलं अंतर ५ फूट आलं की कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात. चारही कोपरे झाले की दोन्ही कर्ण मोजा. ते किती आहेत याला महत्त्व नाही, ते एकमेकांइतके आहेत याला आहे. ५ मिलिमीटरचा फरक चालेल. त्याहून जास्त असेल तर पुढे पत्रे खाचेत बसणार नाहीत, आणि तेव्हा तुम्ही पत्र्याला दोष द्याल.

पाणसळ (बुडबुड्याची पट्टी ठेवून सपाटी) दोन्ही दिशांनी तपासा. काटकोन चुकला तर पत्रा अडतो, पाणसळ चुकली तर दार अडतं.

शेवंती | ८ एप्रिल २०२४

चौथरा झाला! शनिवार-रविवार दोन्ही दिवस पाठ मोडून काम केलं. ओळंबा काका, तुमचे किती आभार मानू? पुस्तिकेत सांगाडा १९३ बाय २५३ सेंटिमीटर निघाला. सहा बाय आठच्या भरवशावर फरशी केली असती तर कडा बाहेर लटकल्या असत्या.

आम्ही असं केलं. गवताची साल काढून साधारण पंधरा सेंटिमीटर खोदलं. खडी-भुकटीचं एक मोठं पोतं, म्हणजे सुमारे ८०० किलो, मागवून पसरलं. वर वाळूचा थर. मग ६० बाय ६० च्या काँक्रीटच्या लाद्या. तीन मीटर बाय दोन मीटर चाळीस, म्हणजे पाच गुणिले चार, वीस लाद्या. त्यातल्या आतल्या बाजूच्या तीन मी मुद्दाम बसवल्या नाहीत. तिथे माती उघडी ठेवली आहे, टोमॅटो आणि काकडी थेट जमिनीत लावायला. म्हणून सतरा लाद्या लागल्या. एकेक तीस किलोच्या पुढे आहे, दोघांनी मिळूनच उचला.

एक धडा: पहिली लादी बसवून आम्ही लगेच पुढे गेलो. चौथ्या लादीला कळलं की पहिलीच बसकी आहे. चारही उचलल्या आणि पुन्हा केल्या. त्यानंतर प्रत्येक लादी रबरी हातोड्याने ठोकून, पाणसळ ठेवून, बुडबुडा मध्ये आल्याशिवाय पुढची हातात घेतली नाही.

लेस्टरचा माळी | ८ एप्रिल २०२४

उत्तम. लादीत अँकर बोल्टची (सांगाडा लादीला जखडणाऱ्या बोल्टची) भोकं पाडाल तेव्हा कडेपासून किमान १० सेंटिमीटर आत. कडेला हॅमर ड्रिल लावलं की लादीचा कोपरा उडतो.

शेवंती | २९ एप्रिल २०२४

सांगाडा उभा आहे. आता जरा विस्ताराने लिहिते, कारण पुस्तिका वाचून मला जे कळलं नव्हतं ते हातात घेतल्यावर कळलं.

दोन खोकी आली. सगळे भाग गवतावर चादर टाकून नंबरांप्रमाणे मांडले, त्यातच अख्खी सकाळ गेली. पण ती सकाळ वाया गेली नाही. दोन पट्ट्या कमी निघाल्या, आणि अर्धवट काम झाल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलं. विक्रेत्याने आठ दिवसांत पाठवल्या.

माझे वडील रत्नागिरीचे. घर शाकारताना ते आम्हा मुलांना एकेक लाकूड दाखवून नाव विचारायचे. तो सांगाडा उभा राहिल्यावर मला तेच शब्द आठवले: हे आढं, हे वासे, ही दोन पाखी (छपराचे दोन उतार), ही पन्हळ. इंग्रजी पुस्तिकेतलं चित्र मला तोवर उलगडत नव्हतं. तुकडा नंबर १४ म्हणजे वासा हे मनात आलं आणि पुढची सहा पानं सरळ वाचता आली.

अॅल्युमिनियमच्या पट्टीला मागे एक खाच असते, बोल्टचं डोकं त्यात सरकतं. एका पट्टीत किती बोल्ट लागणार ते आधी मोजून, पट्टी जोडण्याआधी आत सरकवून ठेवायचे. आम्ही उजव्या बाजूच्या दोन वाशांत एकेक बोल्ट विसरलो, म्हणून तिथलं सोडवून पुन्हा केलं. नंतर शेजारच्या आजोबांनी सांगितलं की दोन बाजूंनी कापलेल्या डोक्याचे बोल्ट वेगळे मिळतात, ते खाचेत कुठेही घालून पाव वळण फिरवले की अडकतात. मूठभर आणून ठेवलेत.

सगळे नट आधी नुसते बोटाने लावले. चारही भिंती, आढं, वासे उभे झाल्यावर दोन्ही कर्ण मोजले, आठ मिलिमीटरचा फरक आला. एका कोपऱ्याला हलकेच ढकललं, तीनवर आला. मग पान्हा घेतला. आवळताना जोर नको, अॅल्युमिनियम मऊ असतं, पट्टी दबते.

दोघांनी होतं का, तर हो. पण आढं चढवताना तिसरा माणूस हवा. आमच्याकडे तेवढ्यापुरते ते आजोबा आले.

कोथरूडची कुंडी | ३० एप्रिल २०२४

किती छान लिहिते आहेस. मी पुण्यात आहे, गच्ची मोठी आहे. असंच किट मला इथे लावता येईल का? कुठे मिळेल?

आबा मावळ | ३० एप्रिल २०२४

ताई, गच्चीवर बंद पत्र्याचं घर नको. तिकडे ऊब साठवायची असते, आपल्याकडे उष्णता बाहेर काढायची असते. एप्रिलच्या उन्हात गच्चीवरच्या बंद पत्र्याखाली रोपं उकडून निघतील. लोखंडी पाइपचा साधा सांगाडा करा, वर पन्नास टक्क्यांची शेडनेट. पावसाळ्यात फक्त छतावर कागद टाका, बाजू उघड्याच ठेवा. पालेभाज्या, मिरची, रोपवाटिका सगळं होईल. आणि पाइप गच्चीच्या कठड्याला क्लॅम्पने बांधा. स्लॅबला भोक पाडलंत तर जुलैत खालच्या घरात गळेल.

शेवंती | ७ मे २०२४

पत्रे बसले. हा भाग मला सगळ्यात जपून करावासा वाटला.

पत्र्याच्या एकाच बाजूला उन्हापासून वाचवणारा थर असतो. ती बाजू बाहेर यायला हवी. वरच्या पातळ प्लॅस्टिकवर तसं छापलेलं असतं. ते प्लॅस्टिक आधी सोलून टाकलंत तर दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. मी प्रत्येक पत्र्याच्या कोपऱ्यात मार्करने "बा" लिहिलं आणि मगच सोललं. उलटा बसला तर काही वर्षांत पिवळा पडून तडकतो.

आतल्या नळ्या उभ्या यायला हव्यात. वरचं तोंड अॅल्युमिनियमच्या पट्टीने बंद, खालच्याला बारीक छिद्रांची पट्टी, म्हणजे आत साचलेला ओलावा खाली निथळतो. तोंडं उघडी ठेवली की नळ्यांत शेवाळ धरतं. आजोबांच्या शेडचा पत्रा बघितला, आतून हिरव्या रेघा, आता त्या कशानेच निघत नाहीत.

आणि आबांचं सांगणं: किटमधल्या क्लिपा घातल्याच, शिवाय प्रत्येक पत्र्याच्या कडेला आतून सिलिकॉनची धार ओढली. दुकानात विचारून न्यूट्रल प्रकारचं घेतलं. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ते पॉलिकार्बोनेटला घातक असतं. छत्तीस पौंड आणि एक पूर्ण दिवस. पायाला आठ अँकर.

समुद्राकाठून | ८ मे २०२४

हे वाचून इतकं बरं वाटलं! आमच्याकडे हीच एक गोष्ट राहिली होती.

शेवंती | २ जुलै २०२४

आता उलटा प्रश्न. गेल्या आठवड्यात बाहेर २९ अंश होतं, आत ४४! काकडीच्या वेलाची पानं दुपारी लोंबतात. झडप उघडी असते. अजून काय करू?

लेस्टरचा माळी | २ जुलै २०२४

झडप एकच आहे ना? तळाच्या क्षेत्रफळाच्या १५ ते २० टक्के तरी छतात उघडं हवं. तुमचा तळ साधारण ४८ चौरस फूट, म्हणजे सात ते दहा चौरस फूट. किटची एक झडप जेमतेम चार भरते. तेव्हा दार दिवसभर उघडं, आणि मिळाली तर मागच्या भिंतीत खाली पट्ट्यांची खिडकी बसवा. गार हवा खालून येईल, गरम वरून जाईल.

झडपेला आपोआप उघडणारा दांडा लावा. वीज लागत नाही. आत मेण असतं, ते गरम झालं की फुगून दांडा ढकलतं, गार झालं की मिटतं. तुम्ही कामावर असताना तोच राखण करतो.

सकाळी लाद्यांवर झारीने पाणी शिंपडा. १९ जुलै २०२२ ला लिंकनशरमध्ये, कॉनिंग्सबीला, ४०.३ अंश झालं. त्या दिवशी मी दक्षिणेकडच्या काचेवर जुन्या चादरी टाकल्या आणि तासातासाने लाद्या भिजवल्या. टोमॅटो वाचले.

शेवंती | १८ ऑगस्ट २०२४

मेणाचा दांडा लावला, मागे खिडकी बसवली. आता भर दुपारी ३५-३६ वर राहतं.

भेंडी माझ्या खांद्याला लागली! पिवळं फूल, मध्ये गडद किरमिजी डोळा. मुलीने पहिलं फूल पाहिलं तेव्हा ती शाळेचा गणवेश न बदलता तासभर तिथेच बसली होती. आतापर्यंत तीन वेळा भाजी झाली.

पांढरी माशी मात्र आली. फवारणी नको होती, म्हणून एन्कार्सिया नावाच्या बारीक गांधीलमाशीची कार्डं मागवून वेलींवर टांगली. ही गांधीलमाशी पांढऱ्या माशीच्या पिल्लांत अंडी घालते. दोन आठवड्यांनी पान उलटून भिंगातून पाहिलं, पांढऱ्या ठिपक्यांतले निम्मे काळे झाले होते. काळा झालेला ठिपका म्हणजे तिचं काम झालं.

ओळंबा | १९ ऑगस्ट २०२४

भेंडीचं वाचून सौ.ला दाखवलं. ती म्हणते, ताज्या भेंडीची देठं आणि टोकं फेकू नका म्हणावं, खताच्या डब्यात टाका. थंडीच्या आधी एकदा सगळे नट तपासा. उन्हाने धातू फुगतो-आकसतो, काही ढिले झालेले असतील.

शेवंती | ९ डिसेंबर २०२४

शनिवारी डॅरा वादळ होतं. रात्रभर झोप नाही. शुक्रवारी संध्याकाळीच मेणाचा दांडा काढून झडप आतून तारेने बांधली, दार बंद करून खाली विटा लावल्या, मागची खिडकी मिटून त्यावर फळी ठोकली. हवेला कुठेही तोंड ठेवायचं नाही, एवढंच डोक्यात होतं.

सकाळी शेजारच्या कुंपणाचे दोन भाग आमच्या परसात पडले होते. ग्रीनहाउस जागेवर. एकही पत्रा हलला नाही. आबा, ओळंबा काका, समुद्राकाठची, माळी दादा, हे तुमच्यामुळे.

काका, नट तपासले होते. अकरा ढिले निघाले.

समुद्राकाठून | ९ डिसेंबर २०२४

डोळ्यांत पाणी आलं गं.

नवी पालवी | ११ जानेवारी २०२५

पूर्ण धागा वाचला. मी मँचेस्टरला असते, मार्चमध्ये किट घेणार आहे. शेवंतीताई, पहिल्या पोस्टमधला कढीपत्त्याचा प्रश्न राहिलाच. तो आत राहिला का?

शेवंती | १२ जानेवारी २०२५

नाही राहिला, आणि हे स्पष्ट सांगायला हवं, कारण मीही याच आशेने सुरुवात केली होती.

नोव्हेंबरमध्ये मी आत एक कमाल-किमान तापमापक टांगला. एका रात्री बाहेर उणे चार, आत उणे दोन. बिनहीटरचं ग्रीनहाउस रात्री एवढंच देतं. दिवसा ऊन असेल तर आत छान ऊब असते, पण दुपदरी पत्रा रात्रभर ती धरून ठेवू शकत नाही. कढीपत्त्याला दहा अंशांच्या आसपास तरी हवं. हीटर लावून तेवढं राखायचं तर विजेचं बिल मला झेपणारं नाही. म्हणून ऑक्टोबरच्या शेवटीच कुंडी घरात घेतली.

पण या वर्षी फरक पडला. मे ते ऑक्टोबर आत राहिल्यामुळे झाड तीन फुटांचं झालंय, खोड अंगठ्याएवढं. जानेवारी अर्धा होत आला, पानं पिवळी पडताहेत पण गळून गेलेली नाहीत. परवाच्या पोह्यांना घरचीच आठ पानं होती.

ग्रीनहाउस रिकामं नाही. मेथी आणि पालक ऑक्टोबरात पेरले होते. थंडीत वाढ जवळजवळ थांबते, पण मरत नाहीत, कोरड्या जागी आणि वाऱ्याआड असल्यामुळे. दुपारी ऊन असेल तर दार तासभर उघडते, नाहीतर दमट हवेने पानांवर करडी बुरशी धरते.

तू मँचेस्टरला, म्हणजे पाऊस जास्त. पन्हळीला खाली नळी जोडून पिंप लाव. आणि रोप इथल्याच नर्सरीतून घे. भारतातून रोप आणायचं तर वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. बी मागवलंस तर अगदी ताजं हवं, वाळलेलं उगवत नाही.

नवी पालवी | १२ जानेवारी २०२५

खूप खूप आभार ताई! एकच शेवटचं: पान्हा कोणत्या नंबरचा लागला? आणि अँकर?

शेवंती | १३ जानेवारी २०२५

सांगाड्याचे नट एम-सिक्सचे, त्यांना १० नंबरचा पान्हा. दोन घे, एक तुझ्या हातात आणि एक समोरच्याच्या. अँकर एम-एट. लाद्या येतील त्या दिवशी इथे फोटो टाक, कर्ण मोजलेस की दोन्ही आकडे लिही. ओळंबा काका बघतील.

ओळंबा | १३ जानेवारी २०२५

बघतो. पाणसळीचाही फोटो टाक, बुडबुडा दिसेल असा.